आधी आनंद, मग मी

पांडुरंगा, तुझ्यापुढे बसलं की तुझ्या आधी मीच हजर होते. तुझं नाव ओठांवर यायच्या आत माझी हजेरी लागलेली असते. मी बसले, माझा गुडघा आखडला, माझं चित्त लागत नाही, मला अजून मेथी निवडायची आहे. तू कमरेवर हात ठेवून उभा, आणि मी आपली माझ्याच भोवती प्रदक्षिणा घालतेय. आजवर तुझ्याकडे पुष्कळ मागून झालं. मुलांच्या नोकऱ्या, ह्यांचं ऑपरेशन, घरातली शांतता. त्यातलं काही दिलंस, काही नाही दिलंस, त्याचा हिशेब आज काढत नाही. आज मागायच्या आधी विचारायचं आहे. ही 'मी' माझ्यात आली कुठून? तू तर पूर्ण होतास, आनंदाने काठोकाठ भरलेला होतास, असं सगळेच सांगतात. मग माझ्यावाचून तुझं काय अडलं होतं?

तुझ्याविषयी तुझ्या पोथ्यांमध्येच एकमत नाही. बृहदारण्यक उपनिषदात गोष्ट आहे ती अशी. प्रारंभी तू एकटाच होतास. सभोवार पाहिलंस तर तुझ्यावाचून दुसरं कोणीच दिसेना. तेव्हा तुझ्या तोंडून जो पहिला शब्द निघाला तो 'मी'. म्हणूनच, ऋषी सांगतात, आजही माणसाला हाक मारली की तो आधी 'मी' म्हणतो आणि नाव मागाहून सांगतो. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्या जिन्यावर अजून तसंच चालतं. कडी वाजते, आतून 'कोण?' विचारावं, तर बाहेरून उत्तर येतं, 'मी!' जणू साऱ्या जगात 'मी' नावाचं एकच माणूस आहे. आणि आतल्यालाही तेवढं पुरतं, तो दार उघडतो.

त्या गोष्टीत पुढे जे येतं त्याने मात्र हसू मावळतं. 'मी' म्हटल्याबरोबर तुला भीती वाटली. मग तू विचार केलास, दुसरं कोणीच नाही तर भ्यायचं कोणाला? भीती गेली. तरी तुला करमेना. एकट्याला करमतच नाही. मग दुसऱ्याची इच्छा झाली, आणि तू स्वतःचेच दोन भाग केलेस. त्यातून पुढचा सगळा पसारा.

देवा, हे खरं असेल तर मी तुझ्या न करमण्यातून जन्मले. तुझी ती पहिली भीती माझ्या वाट्याला आली असणार, आणि तिचा पुरावा शोधायला मला लांब जावं लागत नाही. अपरात्री जाग येते तेव्हा काय होतं ते तू बघतोसच. काळोखात आधी नुसती जाग असते. तिला नाव नसतं, वय नसतं. मग 'मी' येते, आणि तिच्या पाठोपाठ तपासणीचा रिपोर्ट, बँकेचं व्याज, कोणे एके काळी कोणीतरी टाकून बोललेला शब्द. भीतीला दार 'मी'च उघडून देते. तुझ्या ऋषींनी हे इतकं नेमकं कसं हेरलं याचं मला नवल वाटतं.

पण तैत्तिरीय उपनिषद दुसरंच सांगतं. वरुणाचा मुलगा भृगू बापाकडे जाऊन म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. बाप त्याला सरळ उत्तर देत नाही, कसोटी देतो. ज्यातून हे सगळे जीव जन्मतात, जन्मल्यावर ज्याच्या बळावर जगतात आणि जाताना ज्यात शिरतात, ते शोध. तप कर. पोरगा जातो आणि अन्न सापडलं म्हणून परत येतो. बाप म्हणतो, तप कर. मग प्राण सापडतो, मग मन, मग विज्ञान. दरवेळी बापाचं तेच, तप कर. शेवटी त्याला कळतं की ते आनंद आहे. त्यानंतर भृगू बापाकडे परत आल्याचं उपनिषद सांगत नाही. ही मोकळी सोडलेली जागा मला फार आवडते. उत्तर बरोबर आहे का, हे विचारायला तो आलाच नाही.

म्हणजे एका पोथीत आधी 'मी', मग भीती, मग करमेनासं होणं, मग सृष्टी. दुसरीत आधी आनंद, बाकी सगळं त्याच्यातून. दोन्ही तुझ्याच घरच्या. मी कोणावर विश्वास ठेवू, या विचारात कितीतरी एकादश्या गेल्या. माझ्यापुरता निवाडा शेवटी माझ्या नातीने केला, तोही बोलता येत नसताना.

ती दीड-दोन महिन्यांची असेल. न्हाऊ घालून, धुरी देऊन मी तिला दुपट्यात गुंडाळत होते, आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून ती हसली. झोपेतलं हसू ती आधीपासून हसायची. ते सटवाईचं, तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. हे जागेपणीचं होतं, समोर कोणी आहे म्हणून आलेलं. सगळं तोंड हसलं, पाय हसले, मुठी उघडल्या. डॉक्टरही सांगतात की हे हसू सहा-आठ आठवड्यांच्या सुमाराला येतं. पांडुरंगा, त्या हसण्यात 'मी' नव्हती. असणं शक्यच नव्हतं. आपण आहोत हे त्या जिवाला ठाऊक नव्हतं, आपला हात आपला आहे हेही नव्हतं. आणि आनंद मात्र पुरता होता, कशात काही कमी नव्हतं.

'मी' यायला पुढे सव्वा वर्ष लागलं. कपाटाच्या आरशात दिसणारं बाळ तोवर तिला दुसरंच कोणी वाटायचं. त्याचा पापा घ्यायची, त्याला बिस्किट द्यायची, ते कुठे राहतं हे बघायला कपाटाचं दार उघडायची. मग एका सकाळी मी तीट लावताना बोट घसरलं आणि काजळ कपाळभर फरकटलं. ती आरशापुढे गेली, थबकली. तिचा हात आरशाकडे न जाता स्वतःच्या कपाळाकडे गेला. बोटाला लागलेलं काळं तिने पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं. हसली नाही. एकदम लाजली आणि माझ्या पदरात तोंड खुपसलं. पुढे कधीतरी वाचनात आलं की 1970 मध्ये गॅलप नावाच्या शास्त्रज्ञाने चिंपांझींना रंगाचा ठिपका लावून आरशापुढे बसवलं होतं, आणि 1972 मध्ये ब्यूला ॲम्स्टरडॅम या बाईंनी लहान मुलांच्या नाकाला रंग लावून तेच पाहिलं. दीड-दोन वर्षांची मुलं ठिपका स्वतःच्या अंगावर शोधतात, आणि बरीचशी आरशापुढे बावरतात. आमच्याकडे तीट लावणाऱ्या आज्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलं असेल, फक्त ते लिहून ठेवायला हवं हे कोणाला सुचलं नाही.

त्या दिवसानंतर घरात 'माजं' सुरू झालं. माजा चमचा, माजी आजी, माजी चप्पल. आणि मग बागुलबुवा आला, आणि न्हाणीघरातल्या अंधाराची भीती.

तेव्हा मला तुझ्या दोन्ही पोथ्या एकमेकींच्या शेजारी ठेवता आल्या. बृहदारण्यक खोटं सांगत नाही. 'मी'च्या मागून भीती येते, करमेनासं होतं, दुसऱ्याची ओढ लागते, हे सगळं अक्षरशः तसंच घडतं. फक्त त्याची गोष्ट आरशापासून सुरू होते, आणि तैत्तिरीयाची दुपट्यापासून. आनंद वडील आहे, 'मी' धाकटी. आम्ही मोठी माणसं उलटं धरून चालतो, की आधी मी आहे, आणि मला कष्ट करून, नवस बोलून, पैसे साठवून आनंद मिळवायचा आहे.

मग ही धाकटी म्हणजे चूक म्हणायची का? फार मोठमोठ्या माणसांनी तसं म्हटलं आहे. जीव म्हणजे अज्ञानाने पडलेली गाठ, ती सुटली की सुटलो. पण तुझ्या ज्ञानोबांनी अमृतानुभवात याच अज्ञानाला दरडावून उभं केलं. दहा प्रकरणांचा ग्रंथ, त्यातलं सातवं सगळ्यात लांब, ग्रंथाचा तिसरा हिस्सा तरी असेल, आणि ते सगळं एवढ्यासाठी की अज्ञान म्हणून जे म्हणता ते दाखवा पाहू कुठे आहे. ते सापडत नाही. मग जे दिसतंय, जे पाहतंय, ते सगळं चैतन्याचंच खेळणं, चिद्विलास. हे सांगणारा मुलगा कोणत्या घरातला? परंपरा सांगते की शास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि आईबापांनी ते घेतलं, चार पोरकी मुलं शुद्धिपत्रासाठी पैठणला पायी गेली. जगाचं मूळ दुःखात आहे असं त्याने म्हटलं असतं तर कोणी त्याला दोष दिला नसता. वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, 1296 मध्ये, आळंदीला समाधी घेण्यापूर्वी त्याने नेमकं उलटं सांगून ठेवलं. म्हणून मी त्याचं ऐकते. सुखवस्तू माणसाने हेच सांगितलं असतं तर मी पान उलटलं असतं.

त्याच ग्रंथात तो डोंगराचा दाखला देतो. डोंगर कोरून त्यातच देव, देऊळ आणि देवाचा परिवार करता येतो, मग भक्तीचा व्यवहार एकपणात का होऊ नये? आमच्या वेरूळचं कैलास लेणं डोळ्यांपुढे आणलं की हे मला कळतं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, ते वरून खाली कोरत आणलं. कळस आधी, जोतं सगळ्यात शेवटी. नंदी, ध्वजस्तंभ, जोत्याला पाठ लावून उभे असलेले हत्ती, गाभारा, सगळा एकच दगड. बाहेरून काही आणलेलं नाही. नको तेवढं काढून टाकलं, आणि देव एकीकडे, भक्त दुसरीकडे झाला. बाजूच्या उभ्या कड्यावर टाकीचे घाव अजून ओळीने दिसतात. ज्ञानोबा शिवसूत्रांचं नाव घेतो, आणि ती सूत्रं ज्या काश्मीरची, तिथे अकराव्या शतकात क्षेमराज म्हणून एक आचार्य झाले. ते म्हणतात की चितीच, म्हणजे मूळची जाणीवच, आखडून चित्त होते. म्हणजे माझ्यात नवं काही घातलेलं नाही. तुझ्यातलंच पुष्कळसं काढून ठेवून जे उरलं ती मी. मला सदोदित अपुरं वाटतं ते उगाच नव्हे.

पण दगडाला टाकी लागत नाही, देवा. मला लागते. इथे ज्ञानोबाचा दाखला मला पुरत नाही, आणि मी तो पुरतो असं म्हणणार नाही. तुला हा खेळ का सुचला, यावर शंकराचार्यांनी दोन दाखले दिले. काही कमी नसलेला राजा उगाच क्रीडा करतो तसा, किंवा आपला श्वास काही हेतू न ठेवता येतो-जातो तसा. राजाचा मला मुळीच पटत नाही. राजाच्या क्रीडेत मरणारं हरीण कोणी विचारात घेतलेलं नसतं. तुझ्या मंगळवेढ्याच्या चोखोबालाही कोणी विचारात घेतलं नाही. अस्पृश्य म्हणून जन्मभर त्याने महाद्वाराबाहेरून तुला आळवलं, 1338 मध्ये गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर कोसळून तो गेला, आणि त्याच्या माणसांना तुझ्या पायांपर्यंत यायला पुढची सहाशे वर्षं लागली. 1947 मध्ये साने गुरुजींना त्यासाठी उपास करावा लागला. तुझ्या आनंदातून सगळे जीव जन्मले असतील तर चोखोबाही त्यातूनच जन्मला होता ना? मग आनंदाला आनंदाच्या दाराबाहेर कोणी उभं केलं? आमच्या 'मी'ने केलं, हे मला कळतं. आमचं देऊळ, आमचा सोवळा गाभारा, आमचा विठोबा. नातीच्या 'माजा चमचा'चं मोठेपणी हेच होतं. पण तू बघत उभा राहिलास, हेही मी विसरत नाही. श्वासाचा दाखला त्यातल्या त्यात बरा. श्वासालाही कधी धाप लागते, दम अडकतो.

याचं उत्तर तू दिलेलं नाहीस. मी पुढे जाते, कारण बसून राहिले तर भांडतच राहीन.

तैत्तिरीयात तुझ्या आनंदाची मोजणी आहे. तरुण, सज्जन, शिकलेला, धट्टाकट्टा माणूस घ्या, सगळी पृथ्वी धनाने भरून त्याच्या हवाली करा. तो माणसाचा एक आनंद. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वाचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वाचा, मग पितरांचा, मग देवांच्या तीन पायऱ्या, मग इंद्र, बृहस्पती, प्रजापती, आणि शेवटी ब्रह्माचा. दहा वेळा शंभरपट. मी वहीत मांडून पाहिलं, एकावर वीस शून्यं आली. हिशेब करणाऱ्या ऋषीचा मिश्कीलपणा पुढे आहे. प्रत्येक पायरीवर तो एक पुस्ती जोडतो, की हाच आनंद त्या वेदज्ञाचाही, ज्याला हवं-हवंने झोडपलेलं नाही. म्हणजे इंद्राला जे इंद्रपद मिळवून मिळालं ते याला काही न मिळवता. जिना एवढा उंच बांधला आणि मग सांगितलं की खाली जमिनीवर बसलेल्यालाही तेच मिळतं. दुपट्यातल्या पोरीला तरी दुसरं काय मिळालं होतं? तिला अजून काही हवं होण्याइतकी 'मी' आली नव्हती. वेद तर तिच्या गावीही नव्हते, पण त्या अटीकडे तू काणाडोळा केला असशील.

आणि एवढ्या उंचीवर पोचून ते उपनिषद कुठे उतरतं, तर स्वयंपाकघरात. अन्नाला नावं ठेवू नका, अन्न पुष्कळ पिकवा, आसऱ्याला आलेल्या कोणाला परत पाठवू नका. भृगूला आनंद सापडला त्याच्या लगेच पुढे हे येतं. मला अन्नापाशी पुन्हा येणं कळतं. पहिल्या खेपेला त्याने तेच सांगितलं होतं, आणि बापाने ते खोटं आहे असं कधीच म्हटलं नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी तो ज्ञानी गाऊ लागतो. त्या गाण्यात 'मी' आहे! संपलेली, विरघळलेली नाही, खणखणीत आहे. मी अन्न आहे, मी अन्न खाणारा आहे, असं तो म्हणतो. भीतीचा मागमूस नाही. ज्या 'मी'ला खाल्लं जायची भीती नाही अशी ही 'मी', ताटात वाढून घ्यायला तयार असलेली.

तेव्हा मागणं सांगते. माझी 'मी' पुसून टाक असं मी म्हणणार नाही. मोक्षाचं तुकोबांनीही फारसं मनावर घेतलं नव्हतं, त्यांना तुझ्या भक्तांची संगत जास्त गोड वाटली. दोघे असल्याशिवाय प्रेम कोणी कोणावर करायचं? माझी 'मी' राहू दे, फक्त ती धाकटी आहे हे तिला आठवत राहू दे. ती वडीलकी करायला लागली की तिचा कान धर. गाभाऱ्याच्या किल्ल्या तिच्या हाती देऊ नकोस. अपरात्री जाग येते तेव्हा जाग आणि 'मी' यांच्यामधली ती फट जराशी लांबव, मला तिथे थोडं बसू दे. घासातला घास काढताना हात आखडणार नाही एवढं बघ. आणि माझं दुखणं हा तुझा विलास आहे असं कोणी माझ्या तोंडावर सांगू लागलं, तर त्याला दोन शब्द सुनवायची ताकद दे.

अजून एक आहे, ते तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यासारखं नाही. नातीला तिचं ते पहिलं हसू कधीच आठवणार नाही. आठवायला जी लागते ती 'मी' तेव्हा तिच्यापाशी नव्हती. ते मला आठवतं. मी तिची साक्षीदार. माझंही पहिलं हसू माझ्या आईने पाहिलं असेल, पण ती गेली, आणि कसं होतं हे तिला विचारायचं मला सुचलं नाही. आता ते एकट्या तुला ठाऊक. तसा प्रत्येक जिवाचा मूळचा आनंद दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांत जमा असतो, ज्याचा त्याला कधीच दिसत नाही.

मग तुझं कसं, पांडुरंगा? 'मी' म्हणायच्या आधी तूही आनंदच होतास ना? तो पाहायला समोर कोण होतं? एकट्याला करमेना म्हणून दुसरं हवं झालं, असं ऋषी म्हणाले. मला वाटतं त्यांनी तुझं एकटेपण जरा जास्तच मनाला लावून घेतलं. तुझं हसू कोणीतरी पाहावं, पुढे तुझ्या वतीने ते लक्षात ठेवावं, एवढंच तुला हवं असेल. मला घडवण्याचं कारण हेच असेल, तर मेथी पडू दे तशीच. मी इथे समोर बसले आहे. हस.